नर्सिंगच्या पोरींना वॉर्डात शिकवायला जाताय? कुठलं काम आधी, कुठलं नंतर, आणि हात कधी मागे ठेवायचे

मी ३१ वर्षं सरकारी दवाखान्यात काम केलं, आधी स्टाफ नर्स मग इन्चार्ज, आणि रिटायर झाल्यापासून आठवड्यातून दोन सकाळी नर्सिंगच्या पोरापोरींबरोबर वॉर्डात उभी राहते, पैसे घेत नाही. आपल्याकडं जळगाव, धुळे, नंदुरबारकडं आता बऱ्याच जुन्या सिस्टर-ब्रदरना (ब्रदर म्हणजे पुरुष नर्स) हे करायची इच्छा आहे, त्यांचे फोन येत असतात, आणि गडबड दरवेळी त्याच जागी झालेली असते. सिस्टर उत्साहाने वॉर्डात जाते, पहिल्याच पेशंटची सलाईन स्वतः लावते, सात-आठ पोरी भोवती माना उंच करून बघतात, अकरा वाजेपर्यंत सगळे दमतात आणि पोरींच्या हाताला काहीच लागलेलं नसतं. नाहीतर दुसरं टोक, पोरीच्या हातात सुई देऊन "लाव, मी आहे ना" म्हणतात आणि तेवढ्यात कुणीतरी हाक मारली की निघून जातात.

दोन्हीचं कारण एकच, कामाचा क्रम चुकतो. पोरींचा पाठ्यक्रम शिकवायला कॉलेजचे ट्यूटर असतात, पेशंटची जबाबदारी वॉर्डच्या सिस्टरवर असते. आपण या दोघांच्या मधली जागा भरतो, पोरगी पहिल्यांदा खऱ्या माणसाला हात लावते तेव्हा तिच्या कोपराशी उभं राहायला एक अनुभवी माणूस. ट्यूटरला दहा-पंधरा पोरी बघायच्या असतात, वॉर्डच्या सिस्टरला तीस-चाळीस पेशंट, त्यामुळं हे कोपराशी उभं राहणं कुणालाच जमत नाही, म्हणून आपली गरज आहे. खालचे टप्पे याच क्रमाने घ्या, मधला एकही गाळू नका.

टप्पा १ : परवानगी दोन ठिकाणची, आणि लेखी

"मॅडम ओळखीच्या आहेत, या म्हणाल्या" ही परवानगी नाही. एक पत्र कॉलेजच्या प्रिन्सिपलचं लागतं, दुसरं दवाखान्याचं, म्हणजे सिव्हिलला जाणार असाल तर मेट्रनमार्फत सिव्हिल सर्जनकडून, मेडिकल कॉलेजला असाल तर अधिष्ठात्यांकडून, ग्रामीण रुग्णालयात असाल तर तिथल्या अधीक्षकांकडून. पत्रात चार गोष्टी साफ लिहून घ्या : कोणते वार आणि किती ते किती, कोणता वॉर्ड, कोणत्या वर्षाची बॅच आणि एका वेळी किती विद्यार्थी, आणि तुम्ही काय करणार नाही. ही शेवटची ओळ सगळे विसरतात. मी लिहून देते की मी डॉक्टरांची ऑर्डर घेणार नाही, ड्युटी सिस्टरच्या जागी काम करणार नाही आणि ट्यूटर गैरहजर असताना बॅच सांभाळणार नाही.

विद्यार्थ्यांचा आकडाही धरून ठेवा. मी चारच घेते, फार तर पाच. कॉलेज म्हणेल "आठ घ्या ना मॅडम, बिचाऱ्या नुसत्या बसून असतात." नाही घ्यायच्या. आठ जणींमध्ये दोघी पुढं उभ्या राहतात आणि सहा जणी पुढच्यांच्या पाठीकडं बघतात.

आपली कागदं : महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दर ५ वर्षांनी रिन्यू करावं लागतं, रिटायर झाल्यावर बरेच जण ते सोडून देतात. ते चालू नसेल तर पेशंटला हात लावायचा नाही, आधी ते करून घ्या. हिपॅटायटिस बी च्या तीन डोसांची नोंद जवळ ठेवा, आणि पोरींचे डोस पूर्ण आहेत का तेही कॉलेजला विचारा, ० महिना, १ महिना, ६ महिने असं ते वेळापत्रक असतं आणि पहिल्या वर्षाच्या पोरींचा तिसरा डोस हमखास राहिलेला सापडतो.

सावध राहा : "आमच्याकडं ट्यूटर कमी आहेत, तुम्हीच बघा सगळं" असं कॉलेज म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. तिथं तुम्ही फुकटातले ट्यूटर होता आणि पोरींच्या वाट्याला मेंटरही येत नाही न ट्यूटरही.

टप्पा २ : पोरींच्या आधी एक दिवस एकट्यानं वॉर्ड बघून या

आपण ज्या वॉर्डात पंधरा वर्षं काढली तो वॉर्डसुद्धा दोन वर्षांत बदललेला असतो. पाऱ्याचं बीपीचं यंत्र जाऊन डिजिटल किंवा घड्याळाचं आलेलं असतं, फॉर्म बदललेले असतात, औषधाची ट्रॉली दुसऱ्या कोपऱ्यात गेलेली असते. पोरींसमोर कप्पे धुंडाळायची वेळ आली की त्यांचा विश्वास जातो, आणि तो परत मिळवायला आठवडा जातो.

इन्चार्ज सिस्टरला वेळ विचारून भेटा आणि तिच्याकडून तीन गोष्टी घ्या. डॉक्टरांचा राउंड कधी, ड्रेसिंग आणि इंजेक्शनची वेळ कधी, आणि कोणत्या पेशंटला तिच्या मते विद्यार्थी नकोत. ती जे नाव घेईल त्यावर वाद घालू नका, तिला रात्रीचं माहीत असतं, आपल्याला नाही.

मग डोळ्यांनी बघा : बीपीचे कफ किती साइजचे आहेत, लहान मुलांचा आहे का. सुया टाकायचा पांढरा, भोक न पडणारा डबा कुठं आहे आणि तो काठोकाठ भरलेला तर नाही ना. पिवळी, लाल पिशवी आणि निळा खोका जागेवर आहेत का. इमर्जन्सी ट्रे कुठं. हँडरब चालू आहे का नुसती रिकामी बाटली टांगलीय.

तपासा : उद्या सकाळी अंधारात हात घातला तरी इमर्जन्सी ट्रे सापडेल का? नाही तर अजून एक चक्कर मारा.

टप्पा ३ : बॅच कोणती ते ओळखा

नर्सिंगचे कोर्स तीन : एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं, आणि तिन्हीच्या पोरी तोच पांढरा कोट घालून समोर उभ्या राहिल्या की सारख्याच दिसतात. पहिल्या सहा महिन्यांतल्या पोरीने फक्त पुतळ्याच्या हाताला इंजेक्शन दिलेलं असतं. म्हणून लॉगबुक, म्हणजे तिने केलेल्या कामांची नोंदवही, आधी मागून बघा, आणि लॉगबुकावर पूर्ण विश्वास ठेवू नका, का ते टप्पा ८ मध्ये येईल.

मी पहिल्या दिवशी प्रत्येकीला कोरा कागद देते आणि तीन ओळी लिहायला सांगते : मी स्वतःच्या हाताने काय केलंय, मी नुसतं काय बघितलंय, मला कशाची भीती वाटते. नाव लिहायचं, पण हा कागद कॉलेजला जाणार नाही असं सांगायचं आणि तो खरंच जाऊ द्यायचा नाही. या तीन ओळींतून जे कळतं ते महिनाभर विचारून कळत नाही. एका पोरीने तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, "पेशंट माझ्याकडं बघतो तेव्हा". सुईची भीती नव्हती तिला, अनोळखी माणसाशी बोलायची होती. तिला मी पहिले दोन दिवस एकही प्रोसिजर दिली नाही, फक्त चार पेशंटना पाणी द्यायचं, उशी नीट करायची आणि नाव विचारून बोलायचं. तिसऱ्या दिवशी तिने आपणहून बीपीचं यंत्र उचललं.

भाषेचंही इथंच बघून घ्या. आपल्या बॅचमध्ये धडगाव, अक्कलकुव्याची पोरगी असते, चोपडा-रावेरची असते, साक्री-शिरपूरची असते. कुणाला अहिराणी येते, कुणाला पावरी, कुणाला लेवा बोली, आणि कॉलेजमध्ये इंग्रजीतून शिकताना त्या आपली बोली लपवतात. वॉर्डात तीच सगळ्यात कामाची चीज आहे. डोंगरातून आलेल्या बाईला पावरीत विचारणारी पोरगी जो त्रास काढून घेते तो डॉक्टरलाही सांगितलेला नसतो. कोणाला कोणती बोली येते ते लिहून ठेवा आणि त्याप्रमाणे पेशंट द्या.

टप्पा ४ : राउंडच्या आधीची पंधरा मिनिटं

पेशंटजवळ जाण्याआधी, वॉर्डाबाहेर किंवा ड्युटी रूमच्या कोपऱ्यात, सगळ्यांना घेऊन उभं राहायचं. प्रत्येकीला एक पेशंट आणि एकच काम. "आज तू सात नंबरच्या बाबांचं बीपी, नाडी, श्वास बरोबर मोजायचं." एवढंच. बाकी ती बघेल ते बघेल, पण शेवटी आपण एवढ्याबद्दलच बोलणार हे तिला माहीत पाहिजे. चार कामं एकदम दिली की चारही पाट्या टाकल्यासारखी होतात.

पेशंट निवडताना हंगाम बघा, पुस्तकाचं प्रकरण नको. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडं पारा ४५ च्या वर जातो तेव्हा उष्माघाताचा पेशंट येणारच, त्यात पोरींना हे दाखवा की माणूस बरळतोय, नीट ओळखत नाही, झटका आलाय तर घाम आहे का नाही यावर अडकून बसायचं नाही, आणि काखेतलं टेम्परेचर आतल्यापेक्षा कमी दाखवतं म्हणून त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही. थंडीत नंदुरबारकडून सिकलसेलचे (रक्ताचा आनुवंशिक आजार) पेशंट दुखण्याचा क्रायसिस घेऊन येतात, तिथं शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे पेशंट जेवढं दुखतंय म्हणतो तेवढं दुखतंय हे मान्य करणं, पाणी किती गेलं आणि लघवी किती झाली ते लिहिणं, अंग गरम ठेवणं.

आणि पावसाळ्यात सर्पदंश. इथं एक टेस्ट पोरींच्याच हातून बिघडते म्हणून सविस्तर लिहिते. रक्त गोठतं का ते बघायला २ मिली शिरेतलं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या टेस्टट्यूबमध्ये घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं, मग एकदाच वाकडी करून बघायचं. पोरी काय करतात, प्लास्टिकची ट्यूब घेतात, किंवा साबणाने धुतलेली ट्यूब घेतात, किंवा पाचव्या मिनिटाला, दहाव्या मिनिटाला हलवून बघतात. तिन्हीत निकाल चुकतो आणि त्यावर विष उतरवायच्या इंजेक्शनचा निर्णय असतो. म्हणून ट्यूब निवडण्यापासून घड्याळ लावण्यापर्यंत पोरीने मोठ्याने बोलत करायचं, आणि ती वीस मिनिटं वाया न घालवता पेशंटच्या पापण्या जड होतायत का, गिळता येतंय का, आवाज बदलला का ते बघत बसायचं.

पेशंटची परवानगी. हा भाग घाईत गाळला जातो. आधी तुम्ही एकट्या जा आणि सांगा की ही विद्यार्थिनी आहे, मी तिच्याजवळ उभी राहणार आहे, तुम्हाला नको असेल तर नाही म्हणा, उपचारात काही फरक पडणार नाही. मग पोरीला पुढं घ्या आणि तिला स्वतःचं नाव सांगू द्या. आमच्याकडं म्हातारी बाई मराठीत "हो हो" करते आणि अहिराणीत खरं बोलते. "कोठे दुखस, माय?" म्हटलं की चेहरा बदलतो, मग आपण "आते कसं वाटस?" विचारलं की रात्रीपासूनचं सगळं सांगते. ब्रदर असेल आणि पेशंट बाई असेल तर शेजारी एक बाई स्टाफ किंवा तुम्ही असलंच पाहिजे, आणि बाळंतिणीच्या वॉर्डात तिने नको म्हटलं तर त्या पोराला तिथून प्रेमाने हलवा, त्याला चारचौघात कमीपणा वाटू देऊ नका.

सावध राहा : मोबाईल ड्युटी रूममध्ये. पेशंटचा, जखमेचा, केसपेपरचा फोटो "केस बुकसाठी" म्हणूनही नाही. स्टेटसला गेलेला एक फोटो सगळ्या बॅचचं पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातलं शिकणं, बंद करू शकतो.

टप्पा ५ : दाखवायचं, चार वेळा, चार पद्धतीने

कौशल्य शिकवायची पेटनची चार पायऱ्यांची पद्धत आहे, मला ती रिटायर झाल्यावर कळली आणि आधी कळली असती तर बरं झालं असतं असं मनापासून वाटतं. पहिल्यांदा आपण नेहमीच्या वेगाने करायचं, तोंड बंद. दुसऱ्यांदा आपण हळू करायचं आणि प्रत्येक कृती का ते सांगायचं. तिसऱ्यांदा हात आपले पण बोलणार पोरगी, ती सांगेल तसंच आपण करायचं. चौथ्यांदा हातही तिचे, बोलणंही तिचं. बहुतेक जण दुसरी झाली की थेट चौथीवर उडी मारतात. तिसरी पायरी गाळू नका, पोरीच्या डोक्यात कुठं भोक आहे ते तिथंच दिसतं, आणि पेशंटला काही इजा न होता दिसतं.

बीपीचं उदाहरण घ्या. तिसऱ्या पायरीवर पोरगी म्हणते, "कफ बांधा, फुगवा." मी कफ स्वेटरवरूनच बांधायला घेते आणि थांबते. मग तिच्या लक्षात येतं, "नाही मॅडम, बाही वर." मग पुढचं एकेक तिच्याकडून काढायचं : बाबा ५ मिनिटं शांत बसलेत का, पाठ टेकलीय का, पाय जमिनीला लागतायत का, हात छातीच्या पातळीला आधारावर आहे का, कफची खालची कड कोपराच्या २-३ सेंटिमीटर वर आहे का, आधी नाडी हाताने बघून ती बंद होईल त्याच्या २०-३० वर फुगवलं का, आणि हवा सेकंदाला २-३ मिलिमीटर अशी हळू सोडली का. आणि या वेळात बाबांशी गप्पा नाही. आपल्याकडं सगळ्यात जास्त चूक तीच, प्रेमाने "जेवण झालं का बाबा" विचारत विचारत बीपी घेतात.

आता श्वास. याच्यावर मला थोडं जास्त लिहायचंय, कारण वॉर्डातला सगळ्यात खोटा आकडा हाच असतो. कुठलाही टीपीआर चार्ट (टेम्परेचर, नाडी, श्वासाचा तक्ता) उघडा, श्वासाच्या रकान्यात २०, २०, १८, २०. कोणी मोजलेलं नसतं. मी एकदा एका पोरीला विचारलं, "पाच नंबरचा श्वास किती?" ती म्हणाली "२० मॅडम." मी म्हटलं चल, घड्याळ काढ, आपण दोघी मोजू. मनगटावर बोटं ठेवायची, म्हणजे पेशंटला वाटतं नाडी बघतायत, नाहीतर तो श्वास बदलतो, आणि पूर्ण एक मिनिट पोट-छातीची हालचाल मोजायची. दोघींची मोजणी ३४ आली. ती माझ्याकडं बघत राहिली, मी काही बोलले नाही, तिलाच पळत जाऊन ड्युटी सिस्टरला सांगायला लावलं. डॉक्टर आले, ऑक्सिजन लागला. त्या दिवसापासून ती पोरगी कधी २० लिहिताना मी बघितली नाही, म्हणजे मोजून २० आला तरच लिहायची. श्वास पूर्ण मिनिट मोजायचा, हा नियम मी पहिल्या दिवशी लावते आणि शेवटच्या दिवसापर्यंत सोडत नाही.

तपासा : चौथ्या पायरीत पोरगी न थांबता बोलतेय पण का ते सांगू शकत नाही? मग ते पाठांतर आहे. परत तिसऱ्या पायरीवर या.

टप्पा ६ : तिला करू द्या, तुम्ही हात मागे बांधा

हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात हात इतके शिवशिवतात की मी खरोखर दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत धरते. तीस वर्षांच्या हाताला जे दहा सेकंदात जमतं त्याला पोरीला दोन मिनिटं लागतात आणि त्या दोन मिनिटांतच ती शिकते, आपण मध्ये हात घातला की ती बघणारी होते.

पण कधी थांबवायचं ते आधीच ठरलेलं पाहिजे, आणि शब्दही. आमचा शब्द आहे "थांब, मी घेते." हे ऐकलं की पोरगी एक शब्द न बोलता बाजूला होते, रागावणं नाही, पेशंटसमोर कारण सांगणं नाही, कारण नंतर. हा शब्द मी चारच वेळेला वापरते : पेशंट चुकीचा असेल, औषध किंवा डोस चुकीचा असेल, निर्जंतुक वस्तूला हात लागला असेल आणि तिच्या लक्षात आलं नसेल, किंवा पेशंट थांबा म्हणत असेल. बाकी सगळं, हळूपणा, थरथर, टेपचा तुकडा वाकडा, हे चालू द्यायचं.

काही गोष्टी मात्र पोरीच्या हातात अजिबात द्यायच्या नाहीत, कितीही हुशार असली तरी : पोटॅशियम क्लोराईड, इन्सुलिनचा डोस काढणं, हेपॅरिन, रक्त चढवायला सुरुवात करणं. मॅग्नेशियम सल्फेटही (गरोदर बाईच्या झटक्यांवरचं औषध) तसंच, पण त्याच्या पुढच्या डोसआधीची तपासणी तिच्याकडून करून घ्या : गुडघ्याखाली ठोकलं की पाय उडतो का, श्वास १६ च्या खाली नाही ना, लघवी तासाला निदान ३० मिली आहे का, आणि त्याचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट, हाताशी आहे का. हे चार तिने बघायचे, इंजेक्शन ड्युटी सिस्टरने द्यायचं.

सलाईनचे थेंब हे द्यायला उत्तम काम. ५०० मिली ४ तासांत द्यायची, सेट २० थेंबांना १ मिलीचा. ५०० गुणिले २० म्हणजे १०,०००, भागिले २४० मिनिटं, आले जवळपास ४२ थेंब मिनिटाला. कागदावर करायला लावा, मोबाईलवर नको. आणि सेटच्या पाकिटावर थेंबाचा आकडा वाचायची सवय लावा, मायक्रो सेटला ६० असतात आणि पोरगी सवयीने २० धरते, मग लहान बाळाचं काय होईल ते तिलाच हिशोब करून बघू द्या, एकदा आकडा बघितला की विसरत नाही. लावून झालं की निघायचं नाही, अर्ध्या तासाने परत जाऊन मोजायचं, पेशंट कूस बदलतो आणि थेंब बदलतात.

सावध राहा, सुई टोचली तर : पोरी हे लपवतात, ओरडा बसेल म्हणून. म्हणून पहिल्या दिवशीच सांगा की टोचली तर ओरडणार नाही, लपवलं तर पोरगी धोक्यात येईल. जागा वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवायची, पिळायची नाही, स्पिरिट ओतायचं नाही, लगेच इन्चार्जला आणि डॉक्टरला सांगायचं. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध लागलं तर जितक्या लवकर तितकं चांगलं, शक्यतो २ तासांत, ७२ तासांच्या आत नक्की, आणि ते २८ दिवस घ्यायचं असतं. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, हे रोज.

टप्पा ७ : त्याच दिवशी, पेशंटपासून लांब, पाच मिनिटं बोला

मी इन्चार्ज असताना एका पोरीला पेशंटच्या उशाशी, त्याच्या घरच्यांसमोर झापलं होतं. ड्रेसिंगमध्ये चिमटा टेबलाला लागला होता, चूक तिचीच होती. त्यानंतर पोस्टिंग संपेपर्यंत तिने मला एकही प्रश्न विचारला नाही, आणि पुढं कळलं की तिने एकदा चुकलेली गोळी कुणालाच सांगितली नव्हती. नशिबाने पेशंटला काही झालं नाही. त्या पोरीचा मी अजून विचार करते. माझ्या ओरडण्याने तिने ड्रेसिंग शिकलं नाही, चूक लपवायला शिकली.

म्हणून आता क्रम असा. आधी तीच बोलेल : "काय झालं तिथं, तुला काय वाटलं?" मग "कशावरून वाटलं?" हा प्रश्न सोडू नका, उत्तर बरोबर असलं तरी विचारा, कारण अंदाजानेही बरोबर येतं. मग एक गोष्ट चांगली झाली ती नेमकी सांगायची, "छान केलंस" याने काही कळत नाही, "तू कफ बांधायच्या आधी बाबांची बाही स्वतः सरकवलीस आणि त्यांना सांगून सरकवलीस" हे कळतं. मग एकच दुरुस्ती. एकच. चार सुचल्या तर तीन वहीत लिहून ठेवा, उद्या परवा येतील. आणि शेवटी पुढच्या वेळी काय वेगळं करणार ते तिच्या तोंडून.

पोरगी रडली तर थांबा, पाणी द्या. पेशंट दगावला असेल त्या दिवशी प्रोसिजरबद्दल बोलूच नका. पहिल्यांदा मेलेलं माणूस बघितलेल्या १९ वर्षांच्या पोरीला त्या दिवशी फक्त कुणीतरी बरोबर बसलेलं लागतं, आणि हॉस्टेलवर ती एकटी नाही ना हे ट्यूटरला सांगून ठेवायचं.

टप्पा ८ : सही फक्त बघितलेल्याचीच

पोस्टिंगच्या शेवटच्या दोन दिवसांत लॉगबुकांचा ढीग येतो. "मॅडम, फक्त सह्या राहिल्यात." कॅथेटर (लघवीची नळी) पाच, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) तीन, एनिमा पाच, सगळं भरलेलं, तारखा टाकलेल्या. त्यातलं निम्मं तिने केलेलं नसतं, सही करणारीलाही माहीत असतं, आणि सही होते, कारण परीक्षा जवळ आलेली असते आणि पोरीचं नुकसान नको वाटतं. नुकसान सहीनेच होतं. सहा महिन्यांनी ती पोरगी एखाद्या पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) रात्री एकटी असते आणि लॉगबुकाप्रमाणे तिने पाच कॅथेटर घातलेले असतात.

म्हणून : सही रोज, काम झाल्यावर तिथल्या तिथं. बघितलं असेल तर "पाहिले", मदत केली असेल तर "मदत केली", स्वतः केलं असेल तरच "स्वतः केले" असं शब्दात लिहायचं. कॉलेजने आपल्याला सहीचा अधिकार दिलाय का ते टप्पा १ च्या पत्रात बघा, नसेल तर ट्यूटरसाठी चिठ्ठी लिहा. लॉगबुकात लागणारा कामांचा आकडा कमी पडला तर ट्यूटरला आधीच, पोस्टिंगच्या मध्यावर सांगा म्हणजे पोरीला दुसऱ्या वॉर्डात ती संधी मिळेल. शेवटच्या दिवशी सांगून काही उपयोग नसतो.

टप्पा ९ : वॉर्ड सोडताना

पोरीने आपल्या पेशंटचा ओव्हर (निघताना माहिती सोपवणं) ड्युटी सिस्टरला स्वतः द्यायचा, आपण बाजूला उभं राहून ऐकायचं. चार वाक्यं पुरे : कोण पेशंट आणि आत्ता काय चाललंय, कशासाठी आलेत, मी काय मोजलं-बघितलं, आणि तुम्ही काय बघावं असं मला वाटतं. चौथं वाक्य पोरी गाळतात, त्यांना वाटतं आपण कोण सांगणारे. ते म्हणायलाच लावा.

मग पेशंटला सांगून निघायचं. "बाबा, मी जाते, आता या सिस्टर आहेत." पोरी न सांगता गायब होतात आणि म्हातारं माणूस दुपारभर दाराकडं बघत राहतं.

पोस्टिंग संपलं की अर्ध्या पानाचं पत्र ट्यूटरला : कोणी काय स्वतः केलं, कोणाला कशाचा सराव अजून हवा. मार्क नाही, तुलना नाही. आणि पहिल्या दिवशीचा तो तीन ओळींचा कागद ज्याचा त्याला परत द्यायचा, तिसरी ओळ तिने स्वतःच वाचायची आणि अजून खरी असेल तर तशीच ठेवायची, नसेल तर खोडायची. ती पेशंटच्या नजरेला घाबरणारी पोरगी कागद घेऊन खिडकीशी गेली, बराच वेळ उभी राहिली, मग ओळ न खोडता त्याच्याखाली तारीख टाकून "कमी" एवढंच लिहिलं आणि कागद घडी करून युनिफॉर्मच्या खिशात ठेवला.